चिपावालीचं नाव

आमच्या एर्मेलिंदाबाईला, आमच्या भाषेत न्या एर्मेलिंदाला, कुणी संत म्हटलं की तिच्या कपाळावरची शीर उडायला लागते. मागच्या वर्षी नगरपालिकेनं तिचा सत्कार केला, नाव कोरलेली पितळी पाटी दिली. दुसऱ्या दिवशी मी तिच्या स्वयंपाकघरात गेले, तर पाटी पिठाच्या डब्यावर झाकण होऊन बसलेली. मी म्हटलं, "अगं मावशी, ही भिंतीवर लावायची असते." ती म्हणाली, "भिंतीवर काय उपयोग तिचा? इथं निदान उंदीर तरी अडवते."

मी झुनिल्दा. सान लोरेन्सोच्या एका शाळेत गणित शिकवते. लिहिणं हा माझा प्रांत नाही. पण माणूस जिवंत असताना त्याच्याबद्दल चांगलं बोलायला आमच्याकडे लोकांची जीभ टाळ्याला चिकटते, आणि मेल्यावर नऊ दिवस प्रार्थनेला बसून तेच लोक गळे काढतात. मला याचा मनस्वी राग येतो. एर्मेलिंदा अजून धडधाकट आहे, शिव्या स्पष्ट देते, म्हणून आत्ताच लिहून टाकते.

ती बुटकी, रुंद आणि तुरुतुरु चालणारी. वयाच्या पंधराव्या वर्षापासून राजधानीतल्या, आसुन्सिओनच्या, बस स्टँडवर चिपा विकत आली. शाबूकंदाचं पीठ, चीज, अंडी, चरबी आणि थोडी बडीशेप घालून भाजलेली गरम कडी, ती चिपा. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोपली, टोपलीवर पांढरं फडकं. बस सुटायच्या आत चढायचं, शेवटच्या बाकापर्यंत जायचं आणि पुढच्या थांब्यावर उतरायचं. टोपलीला हात न लावता ती चालत्या बसमधून उतरलेली मी पाहिली आहे. मी तर टोपलीशिवायही पडले असते.

आता तिच्या दोन्ही गुडघ्यांनी संप पुकारलाय, म्हणून चिपा तिची सून विकते आणि एर्मेलिंदा सांता लुसिया वस्तीतल्या देवळामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये असते. दर रविवारी दुपारी तिथं तीसचाळीस पोरं जमतात. रविवारची दुपारच का, तर गावाकडून लोकांच्या घरी राहायला पाठवलेल्या पोरींना तेवढीच सुट्टी असते. बाजारात हातगाड्या ढकलणारी, सिग्नलला काचा पुसणारी पोरंही येतात. मोठ्या पातेल्यात दूध घातलेला कोसिदो, आमचा पाल्याचा चहा, उकळत असतो. एका कोपऱ्यात मी आणि आणखी दोघी मागे पडलेल्यांचा अभ्यास घेतो. एक वकीलबाई महिन्यातून एकदा जन्मदाखल्यांचे घोळ निस्तरून जातात. एर्मेलिंदा मधल्या बाकावर बसून सगळ्यांवर ओरडते. "ए देर्लिस, तिसरा पेला झाला तुझा, पोट आहे की पिंप?" आणि ओरडता ओरडता चौथा पेला तीच भरून देते.

पण तिचं खरं काम शेडमध्ये होत नाही. ते लोकांच्या मागच्या दारी होतं, आणि तेवढ्यासाठी गुडघे कुरकुरले तरी दर शनिवारी ती अजून स्वतः टोपली घेऊन निघते. सरकारी माणूस पुढच्या फाटकाशी येऊन टाळ्या वाजवतो, आमच्याकडे दार असंच वाजवतात, घरमालकीण केस नीट करून बाहेर येते, 'लेकीसारखी ठेवलीय हो' म्हणते, आणि माणूस कागदावर खूण करून निघून जातो. चिपावालीला मात्र कुणी पुढून आत घेत नाही. ती थेट स्वयंपाकघराच्या पायरीवर. तिथं तिला सगळं दिसतं. कोण कुठं झोपतं, कोण कशातून जेवतं. आणि मग ती नव्या पोरीला एकच प्रश्न विचारते.

"काल शाळेत काय चुकलं गं तुझं?"

पोरगी म्हणाली, "बाईंनी फळ्यापाशी बोलावलं आणि मला सातचा पाढा आला नाही," तर एर्मेलिंदा खूश. पोरगी म्हणाली, "काही नाही चुकलं, सगळं छान आहे," तर ती टोपली उचलते आणि सोमवारी वकीलबाईंना घेऊन परत येते. तिचं म्हणणं साधं आहे. शाळेत जाणाऱ्या पोराचं रोज काहीतरी चुकतंच. ज्याचं काहीच चुकत नाही ते शाळेत जात नाही.

हा प्रश्न तिला मी शिकवला. म्हणजे तीन वर्षं शाळेत न जाऊन शिकवला.

मी काआसापाकडची, पार आतल्या वाडीतली. आम्ही सहा भावंडं, मी तिसरी. वाडीवरच्या मास्तरीणबाईंची एक चुलतबहीण राजधानीत राहायची, दोन्या पेर्ला. मोठ्या घरची बाई, म्हणून 'दोन्या'. तिला घरात हाताशी एक पोर हवी होती. बदल्यात जेवणखाण, कपडालत्ता आणि शाळा. आमच्याकडे ही रीतच होती. गरिबाच्या पोरीला असं घर मिळालं की वाडीतल्या बाया हेव्यानं बघायच्या. माझी आई सातुर्निना रडली, पण रडता रडता माझे केस विंचरून दिले. मोठ्या घरी रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून एक कोंबडीही बरोबर दिली. दहा वर्षांची मी आणि काखेत पाय बांधलेली कोंबडी, अशा आम्ही दोघी शहरात आलो.

स्टँडवर न्यायला कुणीच आलं नव्हतं. दोन्या पेर्लानं दिवस चुकीचा ऐकला होता. मी एका बाकावर तीन तास बसून होते. रडत नव्हते, कारण कोंबडी ओरडत होती आणि दोघींनी एकदम ओरडणं बरं दिसलं नसतं. तेव्हा एक बुटकी बाई समोर येऊन उभी राहिली.

"विकायला आणलीस का गं?"

"नाही. ती भेट आहे."

"आणि तू?"

मी कागद धरलेली मूठ पुढं केली. तिनं माझ्या मुठीतला चुरगळलेला कागद काढून घेतला, चौथीपर्यंत शिकलेल्या डोळ्यांनी पत्ता लावला, टोपली मैत्रिणीकडे टाकली आणि भर उन्हात मला चालत त्या घरी घेऊन गेली. वाटेत एक गरम चिपा हातात दिली. दारात दोन्या पेर्ला दिसली तेव्हा माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "चांगलं घर दिसतंय, पोरी. इथं शिक. मोठी हो." कोंबडी स्वयंपाकघरात गेली, मी मागच्या खोलीत गेले. दोन्या पेर्ला इतकी खूश झाली की तिनं एर्मेलिंदाला दर शनिवारच्या डझनभर चिपांचं गिऱ्हाईक लावून दिलं.

दोन्या पेर्ला वाईट बाई नव्हती, हे मला सांगितलंच पाहिजे. तिनं मला कधी मारलं नाही. नाताळला नव्या सँडल घ्यायची. ताप आला तर लिंबाचा चहा करून द्यायची. फक्त शाळेचं निघालं की म्हणायची, "पुढच्या वर्षी, बाळा. या वर्षी जरा घराचं रंगकाम आहे." पुढच्या वर्षी सासूबाई आजारी होत्या. त्याच्या पुढच्या वर्षी तामाराचा, म्हणजे तिच्या मुलीचा, मोठा समारंभ होता. तामारा माझ्याच वयाची. तिचा शाळेचा पांढरा डगला रोज संध्याकाळी मी इस्त्री करायचे. कॉलरची टोकं अशी कडक करायचे की बाईंनी तामाराला विचारलं, तुमच्याकडे कुणाचा हात इतका चांगला आहे?

दर शनिवारी मागच्या दारी एर्मेलिंदा यायची. फडकं बाजूला करता करता विचारायची, "काय म्हणते शाळा?"

"बरी आहे, मावशी."

पहिल्यांदा खोटं बोलले कारण दोन्या पेर्ला शेजारी उभी होती. नंतर सवय झाली. आणि खरं सांगायचं तर मला तिचा चेहरा मोडवत नव्हता. माझं उत्तर ऐकून ती अशी फुलायची, जणू शाळेत तिचंच नाव घातलंय. गावी आईला मास्तरीणबाईंकडून वर्षातून एकदा निरोप जायचा, झुनिल्दा छान शिकतेय. आई तो निरोप वाडीभर सांगत फिरायची. म्हणजे माझ्या शिक्षणाची बातमी सगळीकडे होती, शिक्षण तेवढं कुठं नव्हतं. वाडीवर दोन इयत्ता झाल्या होत्या, त्यातली अक्षरंही आता पुसट व्हायला लागली होती.

मग तीन वर्षं सरल्यावर तामारानं सहज सांगितलं, "आमच्या शाळेत चौदा पूर्ण झालेल्यांना घेत नाहीत. तुला आता मोठ्या माणसांच्या संध्याकाळच्या वर्गाला जावं लागेल." संध्याकाळी सहा ते नऊ. त्या वेळेला या घरात पाहुणे येतात, जेवण वाढायचं असतं, हे मला पुरतं ठाऊक होतं. मला मे महिन्यात चौदा पूर्ण होणार होते. ही गोष्ट पवित्र आठवड्यातली, ईस्टरच्या आधीची, एप्रिल नुकता लागला होता. म्हणजे आता नाव घातलं तर घातलं, नाही तर जन्मभर इस्त्रीच. हे मी कुणाला बोलले नाही. बोलायला होतं कोण?

पवित्र आठवड्यातल्या बुधवारी आमच्याकडे घरोघर चिपा भाजतात. गुरुवार, शुक्रवार चूल थंड, त्यामुळे बुधवारी सगळा गोतावळा अंगणातल्या मातीच्या भट्टीपाशी जमतो. दोन्या पेर्लाच्या हातची चिपा दगडासारखी व्हायची. नणंदेनं दरवर्षी टोमणे मारून तिला हैराण केलं होतं, म्हणून त्या वर्षी तिनं पीठ मळायला एर्मेलिंदाला बोलावलं. ती पहाटेच आली. मी लाकडं फोडत होते, ती कोपरापर्यंत पिठात होती.

पोरांसाठी चिपांची पाखरं आणि सुसरी करायच्या असतात, ज्याच्या त्याच्या नावाची. दोन्या पेर्लानं नावांची यादी कागदावर लिहून ठेवली होती. एर्मेलिंदाचे दोन्ही हात चिकट. ती मला म्हणाली, "वाच गं, कुणाकुणाची करायची ती."

मी कागद हातात घेतला. उलटा नव्हता धरला, एवढी अब्रू राखली. पण पहिलं नाव लागेना. 'ता' लागला, पुढचं सगळं मुंग्यांची रांग. मी खोकले. मी म्हटलं, उजेड डोळ्यांवर येतोय. एर्मेलिंदाचे हात पिठात थांबले.

"कितवीत आहेस तू?"

"तिसरीत."

"तू आलीस तेव्हाही तिसरीत जाणार होतीस."

 तेवढ्यात तामारा आली, माझ्या हातातून कागद घेऊन तिनं घडाघडा अकरा नावं वाचली. त्यात माझं नाव नव्हतं. मला त्याचं काही वाटलं नाही, कारण ते असेल असं मला वाटलंच नव्हतं. एर्मेलिंदानं अकरा पाखरं केली. तिचा चेहरा मी पाहिला, तो भट्टीपेक्षा लाल झाला होता. मला वाटलं, माझ्यावर चिडली. खोटारडी म्हणेल.

दहाच्या सुमाराला पाहुणे आले. दोन्या पेर्लाची नणंद दोन्या एल्विरा, तिचा नवरा, दोन म्हाताऱ्या मावश्या. एका मावशीनं माझ्याकडे हनुवटी करून विचारलं, "ही कोण गं?" दोन्या पेर्ला लगेच म्हणाली, "आमची झुनिल्दा. मोलकरीण नाही हो, माझी लेकच आहे ती."

मग रीतीप्रमाणे पोरं पुढं आली. आमच्यात सणाला लहान मूल मोठ्यांसमोर दोन्ही हात जोडून उभं राहतं आणि आशीर्वाद मागतं. मोठा माणूस हवेत क्रूस काढून देवाचं नाव घेतो. आईबाप, आजीआजोबा, काका, मावशी, ज्याला ज्याला आपलं मानलं त्याच्यापाशी मागायचा. आणि मागितलेला आशीर्वाद कुणी नाकारत नाही. वैरी असला तरी देतो. तामारा आली, भाचे आले, धोबिणीचा चार वर्षांचा मुलगासुद्धा नाक ओढत रांगेतून गेला. मी लाकडांपाशी उभी होते.

"एक राहिली," एर्मेलिंदा म्हणाली.

"कोण?" दोन्या पेर्लानं विचारलं.

"तुमची लेक. जा गं झुनिल्दा, आईकडे आशीर्वाद माग."

कुणीतरी हसलं. दोन्या पेर्लाही हसली आणि हात पुढं करून म्हणाली, "हो, ये ना बाळा, ये." मी पुढं गेले. पण तीन वर्षांत त्या घरात मी एकदाही कुणापुढं हात जोडले नव्हते. मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मलाही कधी सुचलं नव्हतं. आशीर्वाद मागायचा तो आपल्या माणसाकडे, एवढंच वाडीवर शिकले होते. माझे पाय दोन्या पेर्लापाशी पोचलेच नाहीत. इतक्या लोकांसमोर डोकं बधिर झालं, आणि मी वळले, एर्मेलिंदासमोर जाऊन उभी राहिले आणि हात जोडले.

एवढी मोठी चूक त्या अंगणात कुणी केली नसेल. घरची बाई सोडून पोरगी चिपावालीकडे आशीर्वाद मागते! म्हातारी मावशी "येशू, मारिया" म्हणाली. दोन्या पेर्लाचा पुढं केलेला हात तसाच राहिला.

एर्मेलिंदानं माझ्याकडे पाहिलं. मग पिठानं माखलेला हात तिनं वर उचलला आणि क्रूस काढला. पिठाचा गोळा माझ्या केसांत पडला. "देव तुझं भलं करो, लेकरा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला.

पहिली बोलली ती दोन्या एल्विरा. नणंद ती नणंदच. "काय गं पेर्ला, ही कुठल्या शाळेत जाते?"

"पुढच्या वर्षी घालणारच आहोत."

"मेमध्ये हिला चौदा होतात," एर्मेलिंदा म्हणाली. "पुढच्या वर्षी कोण घेतंय?" तिला माझा वाढदिवस ठाऊक होता! मी कधीतरी बोलून गेले असेन, तिनं लक्षात ठेवला होता.

"तुम्हाला पीठ मळायला बोलावलंय," दोन्या पेर्ला म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, रागाचं की लाजेचं ते मला तेव्हा कळलं नाही.

"मळून झालंय, बाई. आता तुमची चिपा भाजते आणि जाते."

आणि तिनं खरंच भाजली. एक घाणा करपू दिला नाही. निघताना मजुरी घेतली नाही. माझ्या जवळ येऊन म्हणाली, "डझनभर चिपांना विकली मी तुला. मला माहीत नव्हतं म्हणून काय झालं? सोमवारी येते." मी मान हलवली. 'पुढच्या वर्षी' ऐकून ऐकून सोमवारवरचाही माझा विश्वास उडाला होता.

पुढचं मला आईनं सांगितलं, आणि ती तिखटमीठ लावत नाही. गुरुवारी स्टँडवर वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी असते. अख्खं शहर गावी जातं, चिपावाल्यांना दम घ्यायला उसंत नसते. त्या दिवशी एर्मेलिंदा टोपली न घेता बसमध्ये बसली, सीट नव्हती म्हणून सहा तास उभी राहून काआसापाला गेली आणि तिथून तांबड्या मातीतून तीन तास चालत आमच्या वाडीवर. कुंपणाशी उभं राहून तिनं टाळ्या वाजवल्या. आई बाहेर आली.

"तुमच्या झुनिल्दाला त्या घरी पोचवणारी मीच," ती म्हणाली. "ती शाळेत जात नाही. एक दिवसही गेली नाही. मी दर शनिवारी विचारत होते आणि बरं म्हटलं की मानत होते. मला शिव्या द्यायच्या तर द्या, मग पुढचं बोलू."

आईनं कुंपणाची काठी धरली. मग म्हणाली, "कोंबडी दिली होती मी."

"कोंबडी पोचली, बाई. पोरगी अजून पोचायची आहे."

आईनं शिव्या दिल्या नाहीत. पाणीही दिलं नाही. आमच्याकडे दारी आलेल्याला पाणी न देणं ही शिवीपेक्षा मोठी शिवी. दोघी तशाच समोरासमोर उभ्या राहिल्या आणि शेवटी आई आत जाऊन माझा जन्मदाखला आणि स्वतःची साडेतीन वर्षं न घातलेली चांगली चप्पल घेऊन आली.

सोमवारी त्या दोघी दोन्या पेर्लाच्या दारात. या वेळी पुढच्या फाटकाशी, आणि टाळ्या आईनं वाजवल्या. मी आईला तीन वर्षांनी पाहत होते. ती लहान झाली होती, किंवा मी उंच. दोन्या पेर्ला रडली, खरंखुरं रडली. "मी तिचं वाईट केलं नाही हो," पुन्हा पुन्हा म्हणत होती. आई आमच्या वाडीच्या भाषेत, ग्वारानीत, एवढंच म्हणाली, "वाईट नाही केलं. नुसतं काहीच नाही केलं." जाताना दोन्या पेर्लानं तामाराचा जुना पांढरा डगला माझ्या बोचक्यात घातला. तो मी दोन वर्षं वापरला, आणि त्याबद्दल तिचेही आभार मानते.

पण माझं पुढं काय होणार, ते अजून कुणालाच माहीत नव्हतं. आई मला घरी न्यायला आली होती. माझं पोट तिच्या वासानंच भरलं होतं, मला तिच्याबरोबर जायचं होतं. आणि मला हेही ठाऊक होतं की वाडीवरची शाळा तिसरीला संपते. एर्मेलिंदा बसमध्ये आईला एकदाच म्हणाली होती, माझ्याकडे राहू द्या, दोन पोरं आहेत, तिसरी अडचण नाही.  रात्री एर्मेलिंदाच्या एका खोलीत आम्ही सगळे आडवेतिडवे झोपलो, तरी ते ठरलं नव्हतं.

मंगळवारी तिघी शाळेत गेलो. कारकूनबाई चष्म्यावरून बघत म्हणाली, "वर्ग सुरू होऊन महिना झाला. आणि हिचं वय पाहिलंत का?"

"चौदाला सहा आठवडे कमी आहेत," एर्मेलिंदा म्हणाली. "सहा आठवडे म्हणजे सहा आठवडे. तुमचाच नियम आहे, मी नाही केला."

कारकूनबाईनं सुस्कारा टाकून फॉर्म ओढला. माझं नाव, गाव, जन्मतारीख. मग म्हणाली, "मुलीला जबाबदार कोण? काही झालं तर आम्ही बोलवायचं कुणाला?"

 आईनं एर्मेलिंदाकडे पाहिलं, एर्मेलिंदानं जमिनीकडे.

"आईचं लिहा," एर्मेलिंदा म्हणाली. "आई समोर उभी आहे."

"आई राहते कुठं? काआसापाला? तिथून येणार का बोलावल्यावर?" कारकूनबाई वैतागली. "एकच ओळ आहे. लवकर ठरवा, मागं रांग आहे."

आईला स्पॅनिश धड येत नव्हतं. मी हळूच तिला ग्वारानीत सांगितलं काय विचारतायत ते. कागदावर जे नाव पडेल त्या घरी मी जाणार, एवढं मला कळत होतं. आईनं माझा हात हातात घेतला. इतका घट्ट धरला की दुखला. मग ती टेबलापाशी गेली आणि तिच्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये, त्या कचेरीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"माझं नका लिहू. मी न लिहिताही हिची आईच आहे. या बाईचं लिहा. हिनं एकदा माझी पोर एका दारात सोडली आणि पाठ फिरवून गेली. आता शाईनं लिहा हिचं नाव. मग बघू कशी पाठ फिरवते."

एर्मेलिंदानं पेन घेतलं. आजही ती म्हणते की सत्कारबित्कार सगळं झूट, आयुष्यात तिला मोठं कुणी केलं असेल तर त्या एका वाक्यानं. माझी आई त्याच दुपारच्या बसनं एकटी परत गेली, चांगली चप्पल हातात घेऊन, अनवाणी. एका बाईनं स्वतःची चूक तोंडावर कबूल केली आणि दुसरीनं ती पोटात घातली, म्हणून आज मी फळ्यासमोर उभी राहते. या दोघींचे आभार कसे मानायचे ते मला अजून आलेलं नाही.

त्या दिवशी एर्मेलिंदा मात्र टेबलावर वाकून लिहीत बसली होती. चौथीपर्यंतचं अक्षर, एकेक घोटून. कारकूनबाई म्हणाली, "अहो, किती वेळ? सही करायचीय, नक्षी नाही." एर्मेलिंदानं मान वर केली नाही. तिचे डोळे गळत होते आणि शाई फिसकटू नये म्हणून ती कागदावर डावा तळहात आडवा धरून लिहीत होती.